दाराबाहेरचे बूट

६ जानेवारी

सर्वांची खुशाली आधी. हिचे गुडघे आज कसे आहेत? उठताना खाटेची कड धरावी लागली का? लेकीचा खोकला गेला, की औषधाची बाटली अजून तशीच फडताळात उभी आहे? भिंगरीचा पुढचा दात हलत होता, तो पडला, की नात आमची अजून त्याला जिभेने ढोसत बसली आहे? जावईबापूंची फिरती कशी चाललीय, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं नाही ना? आणि माझी छाती? मागल्या वर्षी एकदा कळ येऊन गेली तेवढीच, त्यानंतर बिचारी गुमान आहे.

डायरी अशी सुरू करतात का, मला ठाऊक नाही. मला पत्र लिहिता येतं. पत्रात आधी सगळ्यांची तब्येत विचारायची, मग मुद्द्यावर यायचं, एवढं माझं व्याकरण. शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं शिक्षण बुटांच्या खोक्यांत झालं. आमच्या दुकानात माल यायचा तेव्हा बुटांच्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असायचे. गिऱ्हाईक नसलं की मी ते बोळे उलगडून वाचायचो. त्यामुळे बातमी अर्धीच कळायची, पण उरलेली अर्धी मनाने पुरी करायची खोड लागली.

तर मुद्दा असा, की मला नोकरी लागली. या वयात! सरकारचं बालकल्याण खातं आहे. आई एकटीच मूल वाढवत असेल आणि कमाई बेताची असेल, तर त्या मुलाला सरकारी पाळणाघरात फुकट जागा मिळते, दूध-जेवणासकट. जागा थोड्या, मागणारे फार. म्हणून घरी जाऊन बघायचं: मूल खरंच आहे का, आई कामाला जाते का, ती खरोखर एकटी आहे का. या कामाला खात्याने आमच्यासारखी रिकामी म्हातारी माणसं घेतली आहेत. पडताळणी मदतनीस म्हणे. कचेरीच्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला काय येतं?"

मी म्हटलं, "बघायला येतं."

त्या हसल्या आणि मला ठेवून घेतलं.

दोन अटी आहेत. ओळखीच्यांच्या घरी जायचं नाही, आणि पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. म्हणून लेकीला एवढंच सांगितलं की एका कचेरीत बसून शिक्के मारतो. हिला मात्र खरं सांगावं लागलं. हिच्यापासून आजवर काही लपलेलं नाही.

ही म्हणाली, "तुमची माणसं घरी येतात ती आधी कळवून येतात का हो?"

"कळवून आलं तर पडताळणी कसली?"

"नाही, सहज विचारलं," म्हणाली, आणि पुन्हा तेच पातेलं घासायला घेतलं जे घासून झालं होतं.

१० जानेवारी

आज खऱ्या अर्थाने माझा दिवस होता.

सकाळपासून जिने चढून पायाचे तुकडे पडले. एका घरी मूल तापाने फणफणलेलं, आई कामावर, शेजारीण कपाळावर पट्ट्या ठेवत होती. लगेच "पात्र" लिहिलं. दुसऱ्या घरी बाईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या, कारण खुर्ची एकच होती. पात्र.

तिसरं घर एका इस्त्रीवालीचं. लांब व्हरांडा, एकाला लागून एक खोल्या. अर्जात लिहिलेलं, "नवरा नाही, घरात मी आणि मुलगी." आणि दाराबाहेर काय? पुरुषाचे भलेमोठे बूट! जाड तळाचे, नाडी बांधलेली, वर बोटभर धूळ. मी आयुष्यभर लोकांच्या पायांशी बसलोय. बूट पाहिला की माणूस दिसतो मला. धूळ म्हणजे आळशी, नाडी न सोडता पाय काढतो म्हणजे बेफिकीर. बायकोच्या जिवावर बसून खाणारा.

मी विचारलं, "हे कुणाचे?"

ती म्हणाली, "असेच ठेवलेत."

"असेच म्हणजे?"

शेजारच्या खोलीतला एक बाप्या दाराला टेकून दात कोरत आमचं ऐकत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पुन्हा विचारलं तरी शब्द नाही. इस्त्रीत निखारे फुलले होते, तिकडेच बघत राहिली. मी मनात म्हटलं, सापडलीस बाई.

"घरात पुरुष राहतो. अपात्र." लिहिताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मुलगी गोड होती. पण जागा खऱ्या गरजूला मिळायला हवी, त्यासाठीच तर आम्ही जिने चढतो.

मोठ्या बाईंनी वाचून सही केली. म्हणाल्या, "काका, तुमची नजर मानली बुवा."

घरी येईपर्यंत पाय दुखले नाहीत.

१६ जानेवारी

लेकीकडे जाऊन आलो. मी चप्पल घालतोय तोवर हिने फोन लावलासुद्धा. "तुझे आबा निघालेत हं, पोचतीलच." हिचं हे नेहमीचंच. पोटच्या पोरीकडे जायचं तर वर्दी कशाला? पण बोललो तर ही म्हणते, "ती कामावरून दमून येते, घर आवरलेलं नसतं, तिला अवघड वाटतं." माझ्यासमोर कसलं अवघड?

लेक इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. पहाटेची पाळी. हाताला सोड्याचा वास येतो आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. वाळलीय जरा.

दारात जावईबापूंचे बूट होते. तपकिरी, माझ्याच हाताने दिलेले. कसे चकाकत होते! उचलून तळ बघितला, सवय जात नाही. टाच जशीच्या तशी, पुढचा भागही झिजलेला नाही. किती सरळ आणि हलकं चालणं असेल माणसाचं! मी त्यांना दुकानात पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं, हा माणूस पाय वाकडा टाकायचा नाही. घरी येऊन हिला म्हटलं होतं, आपल्या लेकीसाठी असाच हवा, आणि पुढे तसंच घडलं. आत खुंटीवर त्यांचा कोट, मोरीजवळ दाढीचं सामान ओळीने मांडलेलं. टापटीप अशी.

भेट मात्र होत नाही. मी गेलो की ते नुकतेच गेलेले असतात.

मी म्हटलं, "फिरतीवर गेले आणि बूट घरीच?"

लेक म्हणाली, "दुसरा जोड घेतलाय त्यांनी."

जरा लागलं मनाला. सासरा जन्मभर बुटांच्या दुकानात आणि जोड घेतला परक्याकडून. पण बोललो नाही.

भिंगरी म्हणाली, "आजोबा, ते बूट मी पुसते. आई सांगते, आजोबा येणारेत, पटकन पूस."

"भिंगरे, पाणी आण आजोबांना," लेक म्हणाली, जरा जोरातच.

लेकरू बापाचे बूट पुसतंय, आजोबांनी कौतुक करावं म्हणून. माझे डोळे भरून आले. दात पडलाय. हसते तेव्हा खिडकी उघडल्यासारखी दिसते.

२२ जानेवारी

मोठ्या बाईंनी सगळ्या मदतनिसांना बसवलं आणि मला म्हणाल्या, "काका, तुमची ती बुटांची विद्या यांनाही द्या."

आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. एकदा गाडी सुरू झाली की थांबेना. मी सांगितलं, माणूस तोंडाने खोटं बोलेल, पायताणाने नाही. आधी दार बघा, मग खुंटी, मग मोरी. बूट, कोट, दाढीचं सामान. तीन गोष्टी जुळल्या की चौथी विचारूच नका.

आमच्यात एक तरुण मुलगी आहे, नाकावरून सतत चष्मा वर ढकलते म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. हुशार आणि पापभीरू. ती भराभर लिहून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "पण काका, बूट असून माणूस नसेल तर?"

मी म्हटलं, "बाळ, नसलेल्या माणसाचे बूट दारात कोण मांडून ठेवील?"

सगळे हसले. तीही हसली.

२९ जानेवारी

आज कचेरीतून परस्पर लेकीकडे जायचं ठरवलं होतं. हिने नेहमीप्रमाणे वर्दी दिली. पण निघायच्या वेळेला मोठ्या बाईंनी वरच्या साहेबांसमोर बसवून ठेवलं, त्यांनाही बुटांचं ऐकायचं होतं. उशीर झाला, राहूनच गेलं. लेकीने वाट पाहिली असेल. हिला म्हटलं, फोन करून सांग. म्हणाली, "आता करून काय उपयोग!" गुडघे दुखत असले की ही अशी तोडून बोलते.

३१ जानेवारी

आज चष्मेवालीने सगळ्यांना चहा पाजला. म्हणाली, "काका, तुमची विद्या फळली."

परवा एका घरी गेली होती. अर्जात लिहिलेलं, नवरा वर्षापूर्वी सोडून गेला, पत्ता नाही. मुलीला तात्पुरती जागा दिलेली, पडताळणीवर कायम व्हायची होती. आणि दारात बूट, पुसून लख्ख. खुंटीवर कोट. मोरीत दाढीचं सामान. तिन्ही!

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी पांढरीफटक पडली. मग म्हणाली, हे वडिलांसाठी मांडलंय. वडील येणार होते, त्यांना ठाऊक नाही नवरा गेल्याचं. मी म्हटलं, असं कोण करतं, ताई? तर रडायलाच लागली. मला कसंतरी झालं, काका. पण तिन्ही जुळत होतं."

मी म्हटलं, "वडिलांसाठी! काय एकेक कारणं काढतात लोक! अगं, असा कोणता बाप असतो, ज्याला वर्षभर पोरीच्या घरात काय चाललंय ते कळत नाही?"

चहा सांडेपर्यंत हसलो आम्ही सगळे, एक चष्मेवाली सोडून.

बाहेर बोलायचं नाही हा नियम आहे, पण नावगाव मला तरी कुठे ठाऊक होतं? एवढी गंमत पोटात ठेवून घरी कसा बसू? हिला सांगितली. ही मटार सोलत होती. सोलायची थांबली.

"ती बाई खरंच तसं म्हणाली? वडिलांसाठी?"

"हो ना!"

"आणि पोरीची जागा?"

"गेली. जाणारच."

हिने मटारचं ताट खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि गच्चीत जाऊन उभी राहिली. डोकं दुखतंय म्हणाली. जेवलीही नाही. उद्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

४ फेब्रुवारी

दोन दिवस काही लिहिता आलं नाही. आजही हात चालत नाही, पण लिहितो.

ही माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, ती बाई तुमची लेक आहे."

मी विचारलं, "कोणती बाई?" खरंच विचारलं. अजून मला कळलं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. जावई वर्षापूर्वीच गेला. फिरती नाही, काही नाही. दुसरीकडे संसार मांडलाय. तेव्हाच माझ्या छातीत कळ आलेली, डॉक्टर म्हणाले मनाला धक्का नको. मायलेकींनी ठरवलं, जरा बरे झाले की सांगू. मग आज सांगू, उद्या सांगू. आणि मी दर भेटीत त्याचं कौतुक करत राहिलो. "तुम्ही त्याचे बूट उचलून तळ बघायचात आणि तोंड भरून बोलायचात," ही म्हणाली. "पोरीच्या घशाशी आलेलं परत आत जायचं. तुम्ही निवडलेला माणूस ना तो."

"म्हणून तू फोन करायचीस."

"म्हणून करायचे."

"त्या दिवशीही."

"त्या दिवशीही केला. तुम्ही गेला नाहीत, आणि तुमची ती मुलगी गेली."

मी म्हटलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ही म्हणाली, "तुम्ही बूट बघायला सांगता लोकांना, हे तुम्ही मला तरी कुठे सांगितलंत?"

लेकीला वाटलं अर्ज खरा आहे, घाबरायचं कशाला. हिला वाटलं खातं खातं आहे, चौकशी करील. दोघींपैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, की माणूस घरात आहे की नाही हे एक पायताण ठरवील.

भिंगरीची जागा गेली. लेक पहाटे तिला झोपेतच उचलून शेजारणीच्या पलंगावर टाकते. शेजारीण म्हणाली आहे, महिनाभर सांभाळीन, पुढे मला जमायचं नाही. त्यानंतर लेकीला नोकरी सोडावी लागेल, नाहीतर पोरीला कुलूप लावून जावं लागेल.

टाच झिजलेली नव्हती. वर्षभर कुणाच्या पायात नसलेला बूट माझ्या हातात होता आणि मी चालण्याची तारीफ करत होतो.

५ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. उचलला.

म्हणाली, "आई बोलली का?"

"बोलली."

मागे भिंगरी काहीतरी गाणं म्हणत होती. मग मी माझं सांगून टाकलं. शिक्के मारत नाही, घरोघरी जातो. बुटांची युक्ती माझी. त्या मुलीला शिकवली ती मी.

लेक म्हणाली, "आबा, काही दिवस येऊ नका. मी चिडून बोलत नाही. पण येऊ नका."

ठेवला.

७ फेब्रुवारी

इस्त्रीवालीकडे गेलो. जायला नको होतं, नियम नाही. पण रात्रंदिवस तिचे ते मिटलेले ओठ दिसत होते.

बूट तिथेच. धूळ तीच. आज व्हरांड्यात कुणी नव्हतं. मला पाहून म्हणाली, "आता काय राहिलं?"

मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी तुम्हाला बोलता आलं नाही. आज बोला. मी काही लिहीत नाही."

तिने आधी दोन्हीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाजारातून जुने आणलेत. आम्ही दोघीच असतो. दारात पुरुषाचे बूट दिसले की माणसं जरा दबकून असतात. त्या दिवशी तो टेकून उभा होता, तुम्ही पाहिलंत ना? त्याच्यादेखत सांगू, की घरात कुणी बाप्या नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"तुम्ही मोठ्याने विचारत होता, काका. मला वाटलं, जागा गेली तर गेली, पण हे याला कळायला नको."

इस्त्रीच्या टेबलाखाली तिची मुलगी कपड्यांच्या गठ्ठ्यात बसून एकटीच खेळत होती. इस्त्री तिच्या डोक्यावरून हातभर अंतराने फिरत होती. पाळणाघर मिळालं असतं तर ती तिथे नसती.

येताना बसस्टॉपवर बसून राहिलो, दोन-तीन बसगाड्या गेल्या. ज्या बाईच्या घरी पुरुष खरंच राहतो, तिला हे बूट मांडायची गरजच नाही. जी एकटी आहे तीच मांडणार. म्हणजे माझी विद्या बरोबर उलटी चालत होती. जिला जागा द्यायची, नेमकी तिलाच हुडकून बाहेर काढत होती. आणि मला वाटत होतं मला बघायला येतं!

१० फेब्रुवारी

मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. चष्मेवालीही तिथेच होती.

मी म्हटलं, "बाई, दारातल्या बुटांवरून जेवढी नावं काढली, त्या सगळ्या घरी पुन्हा जावं लागेल."

"का?"

"बूट काही सांगत नाहीत."

"काका, तुम्हीच तर सांगत होता..."

"मी सांगत होतो. चुकीचं सांगत होतो." इस्त्रीवालीचं सांगितलं. पुढचं सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं. "आणि यांनी जे घर बघितलं, वडिलांसाठी मांडलेलं, तो बाप मी."

चष्मेवालीने तोंडावर हात ठेवला.

मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे तुम्ही लेकीसाठी आलात."

"लेकीसाठीच आलो. तिचं नाव निघालं नसतं तर मी अजून लोकांना बूट बघायला शिकवत बसलो असतो, हेही लिहून देतो. म्हणून म्हणतो, तिच्याबद्दल माझा शब्द ऐकू नका. नातेवाईक आहे मी. बाकीच्यांबद्दल ऐका. आणि तिच्या घरी असं कुणी पाठवा, ज्याने माझं भाषण ऐकलेलं नाही."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "वरच्या साहेबांना मी सांगितलं होतं, आमच्याकडे अपात्र किती सापडतात बघा. आता सांगायचं, की ते सापडलेच नव्हते." चिडल्या होत्या. माझ्यावर किती आणि स्वतःवर किती, ते कळलं नाही. "'घरात पुरुष राहतो.' मी वाचलं आणि सही केली. कशावरून, असं एकदाही विचारलं नाही."

"मग आता विचारा, बाई. प्रत्येकाला विचारा, कशावरून. आणि बाईला दारात उभी करून विचारू नका, आत बसून विचारा, दार लोटून."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं. लेक योजनेत असताना बाप पडताळणीच्या कामावर राहू शकत नाही, तोही नियम आहे. तेव्हा ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

जिन्यात चष्मेवाली मागून धावत आली. रडत होती. "काका, मी त्यांना म्हटलं, असं कोण करतं."

"बाळ, मीही तेच म्हटलं," मी सांगितलं. "आणि हसलोही. तू निदान हसली नव्हतीस तेव्हा."

२० फेब्रुवारी

कचेरीतून निरोप आला. इस्त्रीवालीच्या मुलीला जागा मिळाली. आणखीही काही नावं परत आली. सगळी नाही. एका घरी नवरा खरंच निघाला, पलंगावर घोरत होता म्हणे, अनवाणी.

लेकीकडेही नवी बाई जाऊन आली. इस्पितळात विचारलं, पाळणाघरात विचारलं, शेजारणीशी बोलली, लेकीसमोर तासभर बसली. पात्र.

पण जागा भरून गेली. तिच्या घराजवळच्या पाळणाघरात भिंगरीच्या गादीवर आता दुसरं पोर झोपतं. ते पोरही एकटीच्या आईचंच. त्याला उठवा असं कोण म्हणेल? रिकामी जागा एकाच ठिकाणी आहे, आमच्या गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात. येत्या शुक्रवारपर्यंत आईने स्वतः येऊन सही केली तर भिंगरीची. नाहीतर रांगेतल्या पुढच्या मुलाची.

लेक तिकडे राहते, पाळी पहाटेची, पाळणाघर इकडे. तिची इस्पितळाची बस आमच्या बसस्टॉपवरून जाते, पण पाळणाघर उघडतं त्याच्या कितीतरी आधी तिची बस गेलेली असते. म्हणजे मधल्या वेळात पोरीला कुणीतरी हवं. कुणीतरी म्हणजे मी. मला येऊ नका म्हणणाऱ्या लेकीने रोज पहाटे पोर माझ्या हातात द्यायचं.

हिला म्हटलं, "तू फोन करून सांग ना तिला."

ही म्हणाली, "मी नाही सांगणार. या घरात माझ्यामार्फत बोलणं फार झालं. आता तुमचं तुम्ही बोला."

फोन केला. लेकीने उचलला नाही. पुन्हा केला नाही. येऊ नका म्हणाली होती, फोन म्हणजेही एक प्रकारचं येणंच.

२३ फेब्रुवारी

शेवटी मला जे येतं तेच करायचं ठरवलं. पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. हिला वाचून दाखवायला गेलो, तर म्हणाली, "मला नको, तिला द्या." उद्या ती कामावर असताना तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवीन आणि घंटा न वाजवता परत येईन. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

"माझ्या लेकीस,

तुझी आई बरी आहे. मी बरा आहे. तुम्हा दोघींचं कसं आहे, हे या वेळी अंदाजाने लिहीत नाही. माझे अंदाज मी बंद केले आहेत. तूच कळव.

आमच्या गल्लीच्या टोकाला जे पाळणाघर आहे, तिथे भिंगरीसाठी जागा ठेवली आहे. मी बाहेरून पाहून आलो. अंगणात घसरगुंडी आहे आणि तिथल्या बाई मुलांशी खाली बसून बोलतात. शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत तुला जाऊन सही करावी लागेल. तुझ्याऐवजी कुणाची चालत नाही, आणि तसंच असायला हवं.

पहाटे तुझी बस आमच्या स्टॉपवर थांबते. मी तिथे उभा असेन. तू खाली उतरू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, फक्त भिंगरीला दारातून माझ्या हातात दे. पाळणाघर उघडेपर्यंत ती इथे झोपेल, मग मी सोडीन. हे तू मला माफ करावंस म्हणून नाही. ते तुझ्या सवडीने, किंवा नाहीच. पाळणाघर वेगळं, आपलं भांडण वेगळं.

एक विचारायचं होतं. ते गेले त्या रात्री तू काय केलंस? जेवलीस का? कुणी होतं का जवळ? मला त्यातलं काहीच ठाऊक नाही आणि ते ठाऊक नसताना मी तुझ्याकडे बसून चहा प्यायलो. कधी सांगावंसं वाटलं तर मी मध्ये न बोलता ऐकीन. जमेल की नाही माहीत नाही, तुझ्या आईला विचार. पण प्रयत्न करीन.

ही जागा नको असेल तर तसंही लिही, म्हणजे ती दुसऱ्या मुलाला वेळेत मिळेल. रागाने लिहिलंस तरी चालेल, एकच ओळ लिहिलीस तरी चालेल. पण शुक्रवारच्या आत लिही, बाळ. लवकर लिही.

आबा"